दानाचं बेणं

बेळंकवाडीत सन्मती चौगुलेच्या पप्पांना सगळे 'बूट' म्हणायचे. तोंडावर कुणी म्हणायचं नाही, पण त्यांना ऐकू जाईल इतक्या जवळून नक्की म्हणायचे.

झालं असं की तीन वर्षांपूर्वी ते बंगळूरची नोकरी सोडून गावी परत आले. गाडीतून उतरले आणि आनंदाच्या भरात थेट आपल्या पानमळ्यात घुसले. पायात बूट! तुम्ही पानमळ्याच्या गावचे नसाल तर म्हणाल, बरं, मग? मग काय, आमच्याकडे मळ्याच्या दाराशी चपला काढायच्या, हौदातल्या पाण्यानं पाय धुवायचे आणि मगच वेलींच्या सावलीत शिरायचं. हा नियम कलेक्टर आले तरी मोडत नाही. (खरंच एकदा आले होते. मोजेसुद्धा काढायला लावले.) आणि नेमक्या त्याच पावसाळ्यात गावात मर आली.

मर म्हणजे पानवेलीचा रोग. आज वेल हिरवीगार, आठवड्यानं पानं पिवळी, पंधरवड्यानं बुंधा काळा पडून ओल्या सुतळीसारखा मऊ. या वाफ्यातून त्या वाफ्यात, या मळ्यातून त्या मळ्यात. गावानं एका दुपारीत निकाल लावला: चौगुल्याच्या बुटाला चिकटून रोग आला. तेव्हापासून चौगुल्यांना कुणाच्याही मळ्यात पाऊल टाकायला बंदी. वर्षातून एकदा वेली खाली उतरवून पुन्हा शेवरीच्या झाडांवर चढवायचं मोठं काम असतं, ते सगळे एकमेकांच्या मळ्यात जाऊन करतात. चौगुल्यांकडे कुणी जाईना. लग्नाच्या पंगतीतसुद्धा त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी.

सन्मती माझी बालवाडीपासूनची मैत्रीण. मी ऋजुता मगदूम. आठवीपर्यंत वर्गात माझा आवाज कुणी ऐकलेला नव्हता. हजेरीलाही मी नुसता हात वर करायचे. आणि मग शाळेत वाचक आला!

वाचक म्हणजे जेवणाच्या डब्याएवढी पेटी. जिल्ह्याच्या वनस्पती केंद्रानं पानमळ्याच्या प्रत्येक गावातल्या शाळेला एक एक दिली. आत एक पातळ पडदा असतो आणि त्याला इतकी बारीक भोकं असतात की डीएनएचा एकच धागा कसाबसा ओढला जाईल. या धाग्यावर चारच प्रकारची अक्षरं, पण कोट्यवधी. भोकातून जाताना प्रत्येक अक्षर विजेचा प्रवाह वेगवेगळा अडवतं, आणि पेटी त्या अडवण्यावरून अक्षर ओळखते. मुळाचा तुकडा कुटायचा, दोन द्रावणांत धुवायचा, एक थेंब मोहरीएवढ्या जागेवर ठेवायचा. पंचवीस मिनिटांत पडद्यावर अक्षरांचा पूर. थेंब ठेवताना हात थरथरला की सगळं वाया. आख्ख्या वर्गात एकटीचाच हात थरथरला नाही. माझा! त्या दिवसापासून मी बोलायला लागले ती लागलेच. मम्मी म्हणते, पेटीनं वेलीचं काय वाचलं ते राहू दे, माझ्या पोरीचं तोंड उघडलं.

आम्हाला काम दिलं होतं ते असं: गावातल्या प्रत्येक आजारी मळ्यातून मुळं आणायची आणि त्यांतल्या मरीच्या जंतूचा डीएनए वाचायचा. का, ते सांगते.

समजा, वर्गात एकीनं गणिताचा गृहपाठ केला आणि चौथ्या उदाहरणात सातच्या जागी एक लिहिला. दुसरीनं तो तसाच्या तसा उतरवला आणि घाईत नवव्या उदाहरणात वजाबाकीचं चिन्ह विसरली. तिसरीनं दुसरीची वही घेतली. आता तिसरीच्या वहीत त्या दोन्ही चुका असणार, वर तिची स्वतःची एक. आवटी मॅडम तिन्ही वह्या शेजारी ठेवतात आणि कुणी कुणाचं उतरवलं ते दोन मिनिटांत सांगतात. (अनुभव आहे.) जंतूचंही हेच. एकाचे दोन होताना तो आपली वही उतरवतो, आणि अधूनमधून एखादं अक्षर चुकतो. चूक पुढच्या सगळ्या पिढ्यांत जाते. चुका जुळवत गेलं की रोग कुठून कुठे गेला त्याची वंशावळ निघते.

नववीची परीक्षा संपली आणि एप्रिलभर मी आणि सन्मती संगणक खोलीत बसून एकतीस मळ्यांच्या वह्या जुळवत होतो. मळ्यांत जाऊन मुळं मी आणायचे. ती बांधावर बसून डब्यांवर नावं लिहायची. तिला आत येऊ द्यायचे नाहीत ना.

एका सकाळी ती पडद्याकडे बोट करून ओरडलीच. "ऋजे! आमची वही बघ!"

एकतीसही मळ्यांत चार चुका सारख्या होत्या. चौगुल्यांच्या मळ्यात त्या चार होत्या, शेजारच्या खोतांच्या दोन होत्या आणि शेवटी त्यांची स्वतःची एक. म्हणजे चौगुल्यांकडे मर खोतांच्या पाटातून वाहून आली होती. सगळ्यांत शेवटी!

"माझ्या पप्पांनी उतरवलंय," सन्मती म्हणाली. "त्यांनी लिहिलेलं नाही. उतरवलंय फक्त." आणि हसता हसता रडायला लागली.

आवटी मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला. त्या आमच्या गणित-विज्ञानाच्या बाई; कौतुक कमी करतात, प्रश्न जास्त विचारतात. "छान. पण गाव काय विचारेल? तुमच्या बुटानं नाही आला, मग कुणाकडनं आला? त्या चार चुका कुणाच्या? मूळ वही कुठाय?"

मूळ वही आमच्याकडे नव्हती. आणि गावात एकच मळा वाचायचा राहिला होता. तो आजारी नव्हता म्हणून राहिला होता.

माझ्या आज्जांचा मळा.

माझे आज्जा, भूपाल मगदूम. गाव त्यांना आण्णा म्हणतं. त्यांचा मळा साठ वर्षांचा. मरीनं सगळीकडे धुमाकूळ घातला तेव्हाही त्यांच्या एका वेलीचं पान पिवळं पडलं नाही. लोक म्हणायचे, आण्णांचा नेमधर्म कडक, म्हणून. आणि अक्षय तृतीयेला त्यांच्या दाराशी रांग लागायची. आमच्या जैन समाजात त्या दिवशी उसाचा रस वाटतात आणि दान करतात. आज्जा दान करायचे बेण्याचं, म्हणजे लावायला कापलेल्या वेलीच्या कांड्यांचं. त्याचे नियम त्यांच्या वडिलांपासून ठरलेले. बेणं विकायचं नाही. मागेल त्याला नाही म्हणायचं नाही. मळ्यातल्या मूठभर मातीसकट द्यायचं. आणि घेणाऱ्यानं ती माती झटकायची नाही, बेणं उलटंसुलटं करून बघायचं नाही. दान पारखणं म्हणजे देणाऱ्याचा अपमान.

तृतीयेला चार दिवस होते. मी पाय धुऊन आत गेले तेव्हा आज्जा बेण्याच्या जुड्या बांधत होते.

"आज्जा, मला थोडं मूळ आणि माती पाहिजे. वाचायला."

"माझा मळा वाचालीस? आजारी माणसाची नाडी बघतात पोरी, धडधाकट माणसाची कशाला?"

"मॅडम म्हणाल्या, सगळे मळे वाच."

"मॅडम म्हणाल्या म्हणजे झालंच." ते हसले. हातातली जुडी ठेवून सगळ्यात जुन्या वेलीपाशी बसले आणि बोटांनीच माती उकरली. "घे. मागितलंस, मी दिलं. मातीसकट घे."

मी घेतली. इतकी खूश होते मी! मनात म्हटलं, निरोगी मळ्याची वही कोरी निघणार.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता पंचवीस मिनिटं संपली आणि वही कोरी नव्हती.

त्या चार चुका होत्या. पण तेवढंच असतं तर बरं झालं असतं. त्याच मुठीत अशी वहीही निघाली जिच्यात चारांतल्या तीनच चुका होत्या. आणि दोनवाली. आणि एकवाली. आणि एकही चूक नसलेली, अगदी मूळची. इतर मळ्यांत उतरवलेली एकेक वही होती. आज्जांच्या मातीत पहिल्या पानापासूनचा आख्खा गठ्ठा. मॅडमनी चुकांमधलं अंतर मोजून सांगितलं, रोग त्या मळ्यात निदान बारा वर्षं राहतोय.

"पण त्यांच्या वेली तर ठणठणीत आहेत!" मी म्हणाले.

"वेलींमुळे नाही, मातीमुळे," मॅडम म्हणाल्या. त्यांनी पडद्यावर दुसरी यादी उघडली. त्या मातीत जिवाणूंच्या शेकडो जाती होत्या, दुसऱ्या कुठल्याच मळ्यात नसलेल्या. साठ वर्षं नांगर नाही, पालापाचोळा तिथेच कुजलेला, सावली न हललेली. ते जिवाणू मुळांभोवती दाटीनं बसतात आणि मरीच्या जंतूला उपाशी ठेवतात. जंतू मरत नाही, दबून राहतो. "अशा मातीवर जगभर संशोधन चाललंय. पण ही सगळी वस्ती आहे, ऋजुता. एक मूठ उचलून दुसरीकडे नेली की वस्ती मोडते. रोग मात्र मुठीत मावतो."

मी गप्प बसले. पहिली इयत्ता ते आठवी जेवढी गप्प होते तेवढी एकदम.

तीन वर्षांपूर्वी आज्जांची पंचाहत्तरी झाली. त्या आनंदात त्यांनी तृतीयेला रांगेची वाट न बघता घरोघरी बेणं पाठवलं होतं. तीस घरं. सन्मतीचे पप्पा तेव्हा बंगळूरला, त्यांच्या मळ्यात नवी लावण कोण करणार, म्हणून त्यांच्याकडे गेलं नाही. त्याआधी रांगेतल्या बेण्याची एखादी वेल वाळली तर लोक उन्हाला दोष देऊन ती उपटून टाकायचे.

सन्मती मोबाईल काढून उभी राहिली. "गावाच्या ग्रुपवर टाकते."

"सन्मे, थांब. आधी मी आज्जांना सांगते."

"कशाला?"

"ते माझे आज्जा आहेत."

"आणि ते माझे पप्पा नाहीत?" तिचा आवाज चढला. "तुझ्या आज्जांना एक दिवस पाहिजे. आम्हाला कुणी एक दिवस दिला होता का गं?"

"तृतीयेपर्यंत," मी म्हणाले. "त्या दिवशी बेणं वाटायच्या आत मी सगळ्यांसमोर सांगते. नाही सांगितलं तर टाक."

तिनं मोबाईल खिशात ठेवला आणि निघून गेली.

संध्याकाळी जेवण लवकर झालं. मी वही, चुका, माती, जिवाणू, सगळं सांगितलं. आज्जा हात धुऊन पुसत होते. शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "तुझ्या पेटीला माझा मळा काय कळतोय. साठ वर्षं मी त्यात वाकलोय." आणि उठून बाहेर गेले.

मग पप्पा बोलले. माझे पप्पा वाईट नाहीत, हे आधीच सांगते. फक्त त्यांना भांडण नको असतं. "असं करूया. आण्णांचा गुडघा दुखतोय, यंदा दान नाही, असं सांगू. पुढच्या वर्षीही काहीतरी सांगू. बेणं जायचं थांबलं म्हणजे झालं ना? आणि ते एक रीडिंग तुझ्या यादीतनं काढ."

"आणि चौगुले काका?"

"लोक विसरतात हळूहळू."

"तीन वर्षांत तर नाही विसरले."

"ऋजुता, आण्णांनी आयुष्यात कुणाकडनं काही घेतलं नाही. नुसतं दिलं. आता म्हातारपणी त्यांना सांगायचं, तुम्ही जे दिलं त्यानं गाव मेलं?"

खरं सांगू का, मी डळमळले. पण एक गोष्ट पप्पांना माहीत नव्हती, ती मॅडमनी मला दुपारी सांगितली होती. जूनमध्ये केंद्राकडून गावाला नव्या वेली येणार होत्या. त्यांच्या जनुकांत एक जादा पहारेकरी बसवलेला. तो मरीच्या जंतूला मुळाशी शिरतानाच ओळखतो आणि पेशी दार लावून घेते. फक्त या पहारेकऱ्याला जंतूचा एकच चेहरा ओळखता येतो, तो त्या चार चुकांचा, जो गावभर पसरलाय. आज्जांच्या मातीत सगळे चेहरे होते. आणि गावात नवी वेल लावताना काय करतात? शुभ म्हणून आण्णांच्या मळ्यातली मूठभर माती आणून खड्ड्यात टाकतात! आज्जांनी बेणं नाही दिलं तरी माती मागायला सगळे येणारच. दोन हंगामांत नव्या वेलीही काळ्या पडल्या असत्या. आणि मग गाव म्हणालं असतं, बुटानंच.

"पप्पा, गुडघ्यानं हे थांबणार नाही," मी म्हणाले. "मी काढणार नाही ते रीडिंग."

मी घरात कुणाला नाही म्हणण्याची ती पहिली वेळ असावी.

तृतीयेच्या सकाळी नऊ वाजता मळ्याच्या दाराशी चाळीसेक माणसं जमली. उसाच्या रसाची मोठी घागर भरलेली, बेण्याच्या जुड्या ओल्या पोत्यावर रचलेल्या, प्रत्येकीच्या टोकाला मातीचा गोळा केळीच्या पानात गुंडाळलेला. आज्जा पांढऱ्या धोतरात. आवटी मॅडम एका बाजूला. सन्मती रस्त्यापलीकडे, पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर, मोबाईल हातात घेऊन.

मी पेटी घेऊन दारात उभी राहिले. "आज्जा, देऊ नका."

"ए, बाजूला हो की," खोतकाका म्हणाले. "रस संपेल तुझ्या भाषणात."

"या मातीत मर आहे."

हशा पिकला. "आण्णांच्या मातीत? उद्या म्हणशील गंगेत शेवाळ!" "नात शिकली जरा जास्तच." पप्पांनी माझा दंड धरला. मी तो सोडवून घेतला आणि गृहपाठाचं उदाहरण सांगायला लागले. आवाज फाटत होता, पण सांगितलं. एक चुकली, दुसरीनं उतरवलं, तिसरीनं दुसरीचं. दोन-चार बायका ऐकायला लागल्या. त्यांची पोरं माझ्याच वर्गातली. मग मी म्हणाले, मूळ वही इथे आहे, या दाराच्या आत. बुटाचा काही संबंध नाही. आणि सगळं एकदम थंड झालं.

"सुदर्शन, बोलू दे तिला," आज्जा पप्पांना म्हणाले. पप्पा मागे सरकले. "सगळ्यांसमोर वाचतीस?"

"वाचते."

"आणि काही नाही निघालं तर?"

"तर पेटी शाळेला परत देते. पुन्हा हात लावत नाही." हे मी ठरवून आले नव्हते. तोंडातून निघून गेलं आणि मग लक्षात आलं, पेटीशिवाय मी कोण, ते मला माहीत नाही.

आज्जांनी पाय धुतले, आत गेले, मळ्याच्या अगदी पोटातून माती घेऊन आले. माझ्या ओंजळीत दिली. मी कुटलं, धुतलं, थेंब उचलला. चाळीस माणसं माना लांबवून. थेंब मोहरीएवढ्या जागेवर बरोब्बर बसला.

पंचवीस मिनिटं. उन्हात, अनवाणी.

"चहा टाकूया का तेवढ्यात?" कुणीतरी म्हणालं. "गप ए," दुसरं कुणी म्हणालं. खोतकाकूंनी पदरानं नातवाला वारा घातला. रसाच्या घागरीवर माशा बसायला लागल्या तरी कुणी उठलं नाही. आज्जा दगडावर बसून पेटीच्या हिरव्या दिव्याकडे बघत होते, जसे ते नव्या कोंभाकडे बघतात.

टिंग वाजलं. मी पडदा त्यांच्यासमोर धरला आणि बोटानं दाखवत गेले. ही गावभर सापडली ती. ही तीन चुकांची. ही दोन. ही एक. ही अजिबात चूक नसलेली, बारा वर्षांपूर्वीची.

"पेटीच बिघडलीय," मागून एकजण म्हणाला.

"तुमच्या मळ्यातली माती द्या की मग," आवटी मॅडम म्हणाल्या. "तीही वाचू. पंचवीस मिनिटं आणखी बसायची तयारी असेल तर."

तो मागच्या मागे सरकला. मग खोतकाकू हळू आवाजात म्हणाल्या, "आण्णा, आमचा अर्धा मळा गेला हो."

आज्जांनी मला विचारलं, "किती घरं?"

"तुमच्याकडनं तीस. एकतिसावं चौगुल्यांचं, त्यांच्याकडे खोतकाकांच्या पाटातनं गेली."

"म्हणजे त्यांना मी काही दिलं नव्हतं, तरी माझंच गेलं." ते हात टेकून उठले. मला वाटलं आत निघून जातील. पण ते जुड्यांच्या ढिगापाशी गेले, पोतं चारी टोकांनी उचललं, एकट्यानं, आणि दाराच्या आत ठेवलं. दार ओढून कडी घातली. मग लोकांकडे तोंड करून, जसं ते दरवर्षी दानाआधी दोन शब्द बोलतात, तशाच आवाजात बोलले.

"यंदा दान नाही. गावाला मर मी दिली. मागितली म्हणून दिली असो की आपणहून पाठवली असो, माझ्या हातानं दिली. या मळ्यातली माती कुणी नेऊ नका. खड्ड्यात टाकायला नको, देवाला नको. ज्यानं चौगुल्याला नाव ठेवलं त्यानं आता मला ठेवायचं. तोंडावर ठेवा, मला कमी ऐकू येतं."

हसावं की काय ते कुणाला कळेना. हळूहळू गर्दी पांगली. दोघातिघांनी आज्जांना नमस्कार केला, एकानं चक्क पाठ फिरवली. पप्पा रसाची घागर उचलून घरात घेऊन गेले. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला की नुसता लागला, कळलं नाही. टाकीच्या कठड्यावर सन्मती नव्हती.

मॅडमनी मातीचा मोठा डबा केंद्राला पाठवायला भरून घेतला. ती जिवाणूंची वस्ती दुसरीकडे बसवता येईल का, ते बघायला तीन-चार वर्षं तरी लागतील म्हणाल्या. आणि वेलीचे शेंडे काचेच्या बाटलीत, मातीशिवाय वाढवून स्वच्छ बेणं करता येतं, तेही लगेच शिकायला हवं.

"बाटलीत?" आज्जा म्हणाले. "मातीशिवाय दिलेलं ते दान कसलं?" मग दाराची कडी पुन्हा ओढून बघत मला म्हणाले, "शिकव मला. पण आधी चल."

"कुठे?"

"चौगुल्याकडे."

दुपारचे बारा. आज्जा माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत होते आणि तो हात जड होता. त्या दिवसापर्यंत आज्जा कुणाच्या दारात काही मागायला गेलेले मी पाहिलं नव्हतं.

दार सन्मतीच्या मम्मीनं उघडलं. सुजाताकाकू. त्यांच्या मागे काका उभे होते, टॉवेल खांद्यावर.

आज्जांनी हात जोडले. "चूक माझी होती. तीन वर्षं ती तुमच्या माथी होती. मला क्षमा करा."

"ऐकलं आम्ही," काकू म्हणाल्या. "सन्मतीनं फोनवरनं ऐकवलं सगळं." त्यांनी दाराची चौकट घट्ट धरली होती. "आण्णा, गाव आम्हाला तीन वर्षं रोज बोलत होतं. तुम्ही एकदा बोललात."

"मग मी रोज बोलीन."

"कुणाकुणापुढं?"

"तीस घरं आहेत. आजपासनं सुरुवात. त्यांच्या दारात जाऊन सांगतो, आणि पोरगी त्यांची माती वाचून दाखवेल. जो ऐकणार नाही त्याच्याकडे उद्या परत."

काकूंनी चौकट सोडली. आत या म्हणाल्या नाहीत. पण काका पुढे झाले आणि तांब्याभर पाणी आज्जांच्या हातात दिलं. आज्जांनी ते उभ्याउभ्या, दोन्ही हातांनी धरून, सगळं प्यायलं.

सन्मती अंगणात आली. माझ्याकडे न बघता पेटीच्या पट्ट्याकडे बघत म्हणाली, "पहिलं घर कुणाचं?"

"खोतांचं."

"खोतकाका कुत्रं सोडतील."

"सोडू देत."

"येडी आहेस. चावतं ते." तिनं डब्यांची पिशवी आणि नावं लिहायचं पेन उचललं. "आमच्या शेजारी राहतं, मला ओळखतंय. मी पुढे होते."

आणि ती पुढे झाली. मागे मी, माझ्या मागे आज्जा. ऊन डोक्यावर होतं. कुत्रं भुंकायला लागलं होतं. सन्मतीनं खोतांच्या दाराची कडी वाजवली, एकदा, आणि कुणी आलं नाही म्हणून पुन्हा, जोरात.